पोरगा दोन हवामानांत बघा: बेळगाव भागात कॉलेजची फुटबॉल टीम बांधताना

बेळगाव भागात डिग्री कॉलेजची फुटबॉल टीम बांधायची तर पहिली अडचण पंचांगातच आहे. प्रवेश होतात मृग-आर्द्रात, म्हणजे नवीन पोरं बघायची ती घोटाभर चिखलात. आंतरमहाविद्यालयीन सामने पडतात बहुतेक दसरा-दिवाळीच्या मागंपुढं, तोवर तेच मैदान भाजलेल्या विटेसारखं टणक झालेलं असतं. आणि त्यातून एखाद्याची विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झालीच, तर दक्षिण विभागाच्या स्पर्धेसाठी त्याला बऱ्याचदा तमिळनाडू नाहीतर केरळ गाठावं लागतं, तिथं डिसेंबरातही घाम निथळतो. खेळ मागायचा तीन हवामानांतला आणि निवड करायची एकाच हवामानात, हे मला पटत नाही.

मी इथल्या एका कॉलेजात पी.डी., म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक, आहे. नव्यानं पी.डी. झालेल्यांसाठी, आणि ज्या कॉलेजात पी.डी.ची जागा रिकामीच आहे तिथं टीमचा गाडा ओढणाऱ्या कॅप्टनांसाठी हे लिहितोय. माझं सांगणं थोडक्यात इतकंच: एक पोरगा किमान दोन हवामानांत खेळताना बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका.

आधी तालुका ओळखा

आपल्या जिल्ह्यात पाऊस सगळीकडं सारखा नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस. अथणीकडं त्याच्या निम्माच. आणि पश्चिमेला खानापूर तालुक्यात, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत, पाऊस हजारांनीच मोजायचा. मातीही तशीच बदलते. खानापूर, जांबोटीकडं तांबडी माती. पाणी लवकर मुरतं, पण वर गुळगुळीत थर राहतो आणि पाय सटकतो. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडं काळी माती. पावसात ती बुटाला धरून बसते आणि उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात.

पोरगा ज्या मातीत वाढला ती त्याच्या खेळात दिसते. खानापूरकडचा पोरगा जूनपासून चिखलातच खेळतो आणि सुगी झाल्यावर भात कापलेल्या शेतात. त्याच्या मांड्या बघा. तो बॉल जमिनीवर ठेवून पळत नाही, उचलून टाकतो, कारण जमिनीवर ठेवला तर बॉल थांबतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. टक्कर द्यायला घाबरत नाही. पण ऑक्टोबरात टणक मैदानावर त्याच्या पहिल्या स्पर्शालाच बॉल दोन हात लांब जातो.

निपाणीकडच्या पोरावर कोल्हापूरची छाप असते. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावं त्याला आपल्या कॉलेजच्या नावाआधी पाठ. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा हंगाम मुख्यतः हिवाळ्या-उन्हाळ्यातला, त्यामुळं कोरड्या मैदानावर गर्दीच्या आरडाओरड्यात खेळणं त्याला नवं नसतं. त्याला जुलैत बघितलंत तर मात्र तो तुम्हाला सुस्त वाटेल.

शहरातल्या, म्हणजे टिळकवाडी, कॅम्प, शहापूरच्या पोरांचं आता निराळंच झालंय. ती तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या छोट्या मैदानावर, वाढतात. पाय नाजूक, बॉल चिकटून राहतो, पाच-पाचच्या खेळात डोळ्याचं पारणं फेडतात. पण टर्फला ना चिखल ना भेगा, आणि लांबीही नाही. नियमाप्रमाणे मोठं मैदान 90 ते 120 मीटर लांब असतं. साठाव्या मिनिटाला ही पोरं कंबरेवर हात ठेवून उभी राहतात. दोष पोरांचा नाही. त्यांना मोकळं मैदान मिळतंय कुठं?

अथणी-रायबागकडं कबड्डी, खो-खोचा जोर जास्त. तरी तिकडचा एखादा धावणारा गडी दिसला तर सोडू नका. उन्हात न थकणारा साइड बॅक (कडेचा बचावपटू) तिथूनच मिळतो, बॉल शिकवता येतो.

एप्रिल-मे: पहिली नजर

पी.यू. दुसऱ्या वर्षाचे, म्हणजे बारावीचे, पेपर संपले की पोरं मोकळी असतात आणि गल्लीगल्लीत स्पर्धा लागतात. हीच खरी वेळ. कॉलेजच्या प्रवेशाची जाहिरात लागायची वाट बघत बसलात तर चांगला पोरगा दुसऱ्या कॉलेजनं आधीच फोडलेला असतो. मैदान कोरडं, धूळ उडतेय, ऊन डोक्यावर. ऑक्टोबरात जे मैदान मिळणार त्याच्या सगळ्यात जवळचं मैदान हेच, म्हणून पहिली नजर इथं टाकायची.

गोल कुणी मारले ते लिहून घेऊ नका, ते उद्याच्या पेपरात येईल. तीन गोष्टी बघा. उसळता बॉल छातीवर किंवा मांडीवर घेऊन तो किती लवकर पायाखाली आणतो? शेवटच्या पंधरा मिनिटांत बॉल गेल्यावर मागं धावतो की हात उडवून पंचाकडं बघतो? आणि पाण्यासाठी खेळ थांबला की काय करतो: गटागटा पिऊन आडवा होतो, की दोन घोट घेऊन डोक्यावर पाणी मारतो? तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण उन्हात खेळायची सवय असलेला पोरगा तिथंच ओळखू येतो.

शाळांच्या स्पर्धाही चुकवू नका. सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्मृती स्पर्धा बघायला गेलात तर दोन-तीन वर्षांनी कॉलेजात येणाऱ्या पोरांची यादी आयतीच तयार होते. दहावीतला पोरगा अजून उंच व्हायचा असतो, त्याच्या वेगावर जाऊ नका. पायाची समज तेवढी बघा.

जून-जुलै: दुसरी नजर

आता पावसाची निवड चाचणी. बहुतेक कॉलेजं ही एकच चाचणी घेतात. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस चालू असताना बावीस पोरं मैदानात सोडायची आणि जो सगळ्यात जास्त चिखलानं माखला त्याला घ्यायचं! मी चाचणीत आधी सामना खेळवतच नाही. छोटा चौकोन आखतो, चारास चार, दोन स्पर्शांत पास. ओल्या गवतावर बॉल सरकत येतो आणि डबक्यात अचानक थांबतो. जो पोरगा पास द्यायच्या आधी मैदानाकडं बघतो, डबकं चुकवून कडेनं देतो, तो मला हवा असतो. वेग नंतर वाढवता येतो, ही नजर वाढवायला वर्षं जातात.

मग पूर्ण सामना. इथं बचावपटू आणि गोलकीपर बघून घ्यायचे. चिखलात स्टॉपर (मधला बचावपटू) पुढं झेप घेतो की मागं सरकून उभा राहतो? पावसात झेप घेणारा स्टॉपर महागात पडतो, सटकला की मागं मोकळं रान. गोलकीपरला मुद्दाम जमिनीलगत फटके मारायला लावा. ओला बॉल हातात थांबत नाही, त्यामुळं तो पकडायला जातो की कडेला ढकलतो ते बघायचं. ग्लोव्हज आधी थोडे ओले करून घातले की पकड सुधारते. हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याला चांगला गुरू भेटलाय.

वारा विसरू नका. नैर्ऋत्येचा वारा बेळगावात जुलैत असा काही सुटतो की गोल किक अर्ध्यावरून परत येते. चाचणीत दोन्ही बाजूंनी खेळवा. वाऱ्यासोबत दिसलेली लांब किक ही अर्धी वाऱ्याची असते.

मी एक वही ठेवतो. पोराच्या नावापुढं त्याच्या खेळाआधी मैदान लिहितो: 'ओलं, तांबडं, वारा समोरून' किंवा 'टणक, दुपारी चार, धूळ'. मग त्याच्याबद्दल एक ओळ. एका पोरापुढं दोन वेगळी मैदानं नोंदल्याशिवाय मी त्याच्या नावाला खूण करत नाही. ऑगस्टात वही उघडून बसलं की कळतं, ज्याला आपण जुलैत हिरो समजत होतो त्याच्या मे महिन्याच्या ओळीत 'बॉल पायाला लागत नाही' असं लिहिलेलं असतं. असा पोरगा सोडायचा नाही; त्याची जागा बदलायची. चिखलातला आडदांड पुढचा खेळाडू कोरड्या मैदानावर चांगला स्टॉपर होऊ शकतो.

दिसत नाही म्हणजे आळशी नाही

पावसाळ्यात सरावाला गैरहजर राहणाऱ्या पोरांची नावं लगेच कापणारे पी.डी. मी बघितलेत. जरा थांबा. जुलैत खानापूर तालुक्यातलं पोरगं भाताच्या लावणीत असतं, घरात माणूस कमी असतं. निपाणीकडं पावसाळ्यात तंबाखूची लागण. चिक्कोडी-निपाणी भागात वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेला पाणी चढलं की कारदगा-भोज, कल्लोळ-यडूरसारखे पूल पाण्याखाली जातात आणि पोरगा गावातच अडकतो. 2019 च्या ऑगस्टात तर नदीकाठची गावंच्या गावं हलवावी लागली. अशा वेळी फोन करून फुटबॉलचं विचारणारा सर पोरं जन्मभर लक्षात ठेवतात, आणि चांगल्या अर्थानं नाही.

त्यापेक्षा जूनमध्येच घरी जाऊन या. जांबोटीकडच्या एका घरात मला पोराच्या आईनं आधी चहा दिला आणि मग सरळ विचारलं, "सर, पाऊस पडालाय, अंधारात परत कसा येणार ह्यो?" प्रश्न खेळाचा नव्हता, शेवटच्या बसचा होता. त्यामुळं पोराच्या घरी जाताना बसचं वेळापत्रक खिशात ठेवा. पावसाळ्यात सराव साडेतीन ते पाच. पाचच्या पुढं एक मिनिट नाही. लांबच्या पोराला हॉस्टेल मिळणार असेल तरच सांगा, मिळेल असं सांगू नका. आणि मैदानाचं खरं सांगा. आमचं मैदान जुलैत तळं असतं, हे मी पोरांना आधीच सांगतो. उन्हाळ्यात हिरवळीचे फोटो दाखवून पोरगा आणला, तर पहिल्याच पावसात तो मित्रांना फोन लावतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचा फुटबॉल वेगळा, हातात घेऊन पळायचा, पण हा पेच तिथंही आहे. मिशिगन, विस्कॉन्सिनला नोव्हेंबरात बर्फ पडतो आणि त्यांना पोरं मात्र हवी असतात फ्लोरिडा-टेक्सासची, जी वर्षभर उघड्यावर खेळत वाढतात. बर्फाच्या पट्ट्यातल्या सिराक्युज विद्यापीठानं 1980 साली सरळ मैदानावर छप्परच घातलं. आपल्याकडं प्राचार्य नेटसुद्धा दोन वर्षांनी एकदा मंजूर करतात, तेव्हा आपण वहीवरच भागवू.

मैदान कसं वाचायचं

सामन्याच्या दिवशी अर्धा तास आधी मैदान चालून या, चप्पल काढून. टाच दाबली की पाणी वर येतं का? खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडा. कोरड्या मैदानावर तो कमरेकडं येतो. गुडघ्याशीही आला नाही तर आज जमिनीवरचे छोटे पास विसरा, बॉल उचलून कडेच्या मोकळ्या जागेत टाका. मैदानाच्या मध्यावर आणि गोलसमोर सगळ्यात वाईट चिखल असतो, कारण तिथंच पाय जास्त पडतात. तिथं मागं गोलकीपरला पास द्यायचा नाही, हे बचावपटूंना तीन वेळा सांगा. तरी एक जण देतोच.

बुटांचं गणित मातीवर आहे. काळ्या चिखलात बारीक स्टडचे (तळव्याच्या खुंट्यांचे) बूट घातले की दहा मिनिटांत तळव्याला सपाट लगदा बसतो. तिथं सहा लांब स्टडचे स्क्रूवाले बूट हवेत, आणि हाफ टाइमला काटकीनं माती खरवडायची. तेच बूट ऑक्टोबरच्या टणक मैदानावर घातले तर घोटा आणि गुडघा दोन्ही जातात. तिथं रबरी मोल्डेड स्टड. दोन-दोन जोड्या घेणं आपल्या पोरांना परवडत नाही. म्हणून कॉलेजच्या पैशातून स्क्रूवाल्या बुटांच्या सात, आठ, नऊ नंबरच्या काही जोड्या घेऊन ठेवा आणि सामन्यापुरत्या वाटा. ओले बूट चुलीजवळ वाळवू नका, डिंक सुटतो. आत जुना 'तरुण भारत' चुरगाळून कोंबा, रात्रीत पाणी ओढतो. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या पोराला पाय कोरडे ठेवायला सांगा आणि मोजे रोज बदलायला लावा. पुराचं पाणी येऊन गेलेल्या मैदानावर ते नीट वाळेपर्यंत सराव बंद. लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो, आणि खरचटलेल्या गुडघ्यांची पोरं त्याला सोपी सापडतात.

बॉलमधली हवा 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये चालते. टणक मैदानावर सराव करताना मी ती खालच्या बाजूला ठेवतो, उसळी आटोक्यात राहते.

नाणेफेक जिंकलात तर 2019 पासून तुम्हाला निवड आहे: पहिली किक घ्यायची की कुठल्या गोलवर चाल करायची ते ठरवायचं. पावसाळी वाऱ्यात मी नेहमी पहिल्या हाफला वाऱ्याची साथ घेतो, दुसऱ्या हाफपर्यंत आभाळ काय करेल आणि सामना पूर्ण होईल का, कुणी सांगावं. ऑक्टोबरातल्या साडेतीनच्या सामन्यात उलटं. मावळतीचा सूर्य दुसऱ्या हाफला समोरच्या गोलकीपरच्या डोळ्यांत यायला हवा.

ऊन आणि वीज: इथं हयगय नाही

थंड हवेत वाढलेली पोरं गरम गावात नेताना शरीराला सरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तितके दिवस आधी जाणं आपल्या कॉलेजांना शक्य नाही. म्हणून स्पर्धेआधी पंधरा दिवस सराव सकाळऐवजी दुपारी घ्या, पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत. नियमात पंचांना पाण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि अति उन्हात अंग थंड करायला दीड ते तीन मिनिटं खेळ थांबवता येतो. सामन्याआधी पंचांशी बोलून घ्या, मागायला लाजू नका.

पोरगा अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. रिक्षा शोधायच्या आधी त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि थंड पाण्यात बसवा. टब नसेल तर बादल्याच्या बादल्या ओता, बर्फ असेल तर काखेत, मानेला. आधी अंग थंड करायचं, मग दवाखाना. फोन दुसऱ्यानं लावायचा. 2018 साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेर हा 19 वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघातानं कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. त्याला वेळेत थंड पाण्यात बसवलंच नव्हतं, हे चौकशीत निघालं. एवढं मोठं, डॉक्टर-ट्रेनर असलेलं विद्यापीठ! आपल्याकडं तर फर्स्ट एडच्या पेटीत बहुधा एक आयोडीनची बाटली आणि मुदत संपलेला स्प्रे असतो. निदान चार बादल्या आणि पाण्याचा नळ कुठं आहे ते आधी बघून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तो विजा घेऊन. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीस किंवा त्याहून कमी निघाले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खेळ थांबवा, पोरांना पक्क्या इमारतीत न्या. कडेचं चिंचेचं झाड किंवा पत्र्याची उघडी शेड चालणार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानात कुणी पाऊल टाकायचं नाही, फायनल असली तरी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनवर घालून ठेवा, आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. आयोजक म्हणतील, "सर, पाच मिनिटंच राहिल्यात." राहू द्या.

यादीतली शेवटची दोन नावं

पहिल्या अकरांबद्दल वाद फारसा होत नाही. शेवटची दोन नावं मी हवामान बघून भरतो. स्पर्धा कुठल्या गावात, मैदान कुठल्या मातीचं, परतीचा पाऊस हस्तात रेंगाळतोय का, हे विचारून घेतो. ओलं मिळणार असेल तर खानापूरचा एक जादा आडदांड गडी आणि लांब हाताचा दुसरा गोलकीपर. टणक मिळणार असेल तर टर्फवरचा एक चपळ पोरगा, शेवटची वीस मिनिटं सोडायला. तेवढा वेळ त्याचा दम पुरतो आणि समोरचे थकलेले असतात. बाहेर राहिलेल्या पोराला कारण तोंडावर सांगा आणि वहीतली ओळ दाखवा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

नावं पक्की झाली की वय आणि प्रवेशाच्या अटी विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकाशी ताडून बघा, दहावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स जोडा, आणि प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायला दुपारी तीनच्या आत जा. शिक्का क्लार्कच्या कपाटात असतो आणि पाऊस असला की क्लार्क लवकर निघतो.